व्हिएन्नातला रुसवा

व्हिएन्ना शहरात, ऐन ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, मी एका ट्रामच्या थांब्यावर रुसून बसलो होतो आणि माझी समजूत काढायला कुणीही येत नव्हतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. रुसून बसायची मला सवय होती. कुणी न येण्याची नव्हती. आमच्या कोल्हापूरकडे माणूस रुसून उठला की त्याच्यामागोमाग कुणीतरी निघतंच. आधी धाकटा भाऊ येतो, त्याला हाकलून लावायचं असतं. मग चुलता येतो, त्याच्याशी बोलायचंच नसतं. शेवटी घरातली थोरली बाई येते, ‘माझ्यासाठी ऊठ’ म्हणते, आणि मग आपण फार मोठा उपकार केल्यासारखं उठायचं. माझ्या स्वतःच्या लग्नात वरातीला घोड्याऐवजी जीप आणली म्हणून मी मारुतीच्या देवळात जाऊन बसलो होतो. तेव्हा अर्धं वऱ्हाड आळीपाळीनं येऊन गेलं आणि शेवटी खुद्द सासरे आले. खरं तर मला घोड्याची भीती वाटते. जीप आणली ते फार बरं झालं, असंच मी देवळात बसून मनाशी म्हणत होतो. पण तो प्रश्न वेगळा.

इथं थांब्यावर बर्फ भुरभुरत होता. दुकानं दुपारीच बंद झाली होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आपल्याकडे सण आला की माणसं रस्त्यावर येतात. हे लोक सणाला घरात शिरतात आणि आतून कडी लावतात. ट्राम तेवढ्या अधूनमधून येत होत्या. माझ्यासमोर थांबायच्या, दार उघडायचं, आतली ऊब तोंडावर यायची. चालक माझ्याकडे बघायचा आणि मी दुसरीकडे बघायचो. मग दार बंद करून तो निघून जायचा. माझ्या गळ्यात मफलर नव्हता. निघताना बायको म्हणाली होती, ‘मफलर घ्या.’ पण रुसून निघालेला माणूस मफलर घेत नसतो.

माझं नाव दिग्विजय खराडे. नाव आजोबांनी ठेवलं. प्रत्यक्षात माझं राजारामपुरीत पाण्याच्या पंपांचं दुकान आहे आणि दुकानाचा दिग्विजय गडहिंग्लजच्या पुढे कधी गेलेला नाही. धंद्यात मी एक गोष्ट शिकलो. गिऱ्हाईक ‘नको’ म्हणतं तेव्हा त्याला नको नसतं. त्याच्यासाठी चहा मागवायचा, पोरांची चौकशी करायची. ते दुकानाची पायरी उतरलं तर हाक मारायची. पंप विकला जातो तो या हाकेनंतर. या एका नियमावर मी दुकान चालवलं आणि संसारही याच नियमानं चालवला. फक्त घरात गिऱ्हाईक मी असायचो.

माझी बायको वैजयंती कोल्हापुरातल्या एका संग्रहालयात जुनी कापडं दुरुस्त करायची. कसर लागून चाळण झालेला शेला असो की कुणा सरदाराचा जीर्ण अंगरखा, ती सुई-धागा घेऊन महिनोन् महिने त्याच्यापुढे बसायची. त्या वर्षी तिला व्हिएन्नाहून बोलावणं आलं. तिथल्या एका संग्रहालयात हिंदुस्थानातून गेलेली जुनी वस्त्रं पेट्यांमध्ये पडून होती. दोन वर्षं इथं राहून ती वाचवशील का, असं तिथल्या प्रमुख लाइटनरबाईंनी विचारलं होतं. आधी येऊन बघून जा, मग ठरव, असंही त्या म्हणाल्या होत्या. म्हणून आम्ही ख्रिसमसच्या सुमाराला चार दिवसांची सहल काढली. बरोबर सासू-सासरे होते. पोरीला देण्याआधी घर बघून यावं, तसे ते दोघं शहर बघायला निघाले होते. मी त्यांना आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मामा-मामी म्हणतो. मामा साखर कारखान्यात शेती अधिकारी होते. कुणाचा ऊस आधी तोडायचा हे तेच ठरवायचे, त्यामुळे निम्म्या तालुक्यानं त्यांच्या मिनतवाऱ्या केलेल्या होत्या. आपल्याला कुणीतरी विनवावं, ही सवय आम्हा दोघांनाही सारखीच लागलेली.

वैजयंतीनं अजून होकार दिला नव्हता. ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती.

आणि माझं उत्तर तयार होतं. ते ‘हो’ असंच होतं. पहिल्याच दिवशी संग्रहालयात तिनं हातमोजे चढवून एका पेटीतून शाल उलगडली आणि आम्ही तिघं तिथं उभे आहोत हे ती साफ विसरली. तिचा तसा चेहरा मी लग्नाच्या अल्बमातही बघितला नव्हता. या बाईला अडवायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. पण एवढा मोठा होकार असा फुकट कसा देऊन टाकायचा? मी सगळं मनात बसवून ठेवलं होतं. ती विचारणार, मी नाही म्हणणार. ती पुन्हा विचारणार, मी सुस्कारा सोडणार. ‘तुमच्याशिवाय माझं कसं होणार, पण जायचं मनात आहे हो,’ असं ती म्हणणार. मामी डोळ्याला पदर लावणार, मामा घसा खाकरणार. मग मी उठून खिडकीशी जाणार आणि मागे न वळता म्हणणार, ‘जा.’ खिडकीसुद्धा निवडून ठेवली होती.

गडबड झाली ती लाइटनरबाईंच्या घरी. ख्रिसमसच्या दोन दिवस आधी त्यांनी आम्हाला दुपारी जेवायला बोलावलं. बटाट्याचे मोठाले वाफवलेले गोळे, तांबडा कोबी आणि घट्ट रस्सा. मामांनी एक गोळा बघता बघता संपवला. बाईंनी भांडं पुढे केलं.

मामांच्या पोटात आणखी तीन गोळ्यांची जागा होती. पण त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, “नो नो. फुल्ल.”

“ओके,” बाई म्हणाल्या आणि भांडं माझ्यापुढे आणलं.

“नो, थँक्यू,” मीही सवयीनं म्हणालो.

भांडं स्वयंपाकघरात गेलं. ते दाराआड होईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. आत्ता परत आणतील, असं वाटत होतं. परत आली ती कॉफी. मामींनी आणि वैजयंतीनं मात्र दुसऱ्यांदा घेतलं होतं.

“मामी, तुम्ही पहिल्याच फटक्यात हो कसं म्हणालात?” बाहेर पडल्यावर मी विचारलं.

“भूक लागली होती की,” मामी म्हणाल्या.

वैजयंती खो खो हसत होती. “किती सोपं आहे हो इथं!” ती म्हणाली.

“काय सोपं आहे?”

“हो म्हटलं की हो. नाही म्हटलं की नाही. डोक्याला ताप नाही.”

मला तिथंच सावध व्हायला हवं होतं. पण पोटात कावळे ओरडत होते आणि माझं सगळं लक्ष कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानाकडे होतं.

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही बाजारात गेलो. लाकडी टपऱ्या, काचेचे रंगीत गोळे, मेणबत्त्या, गरम दारूचे कप हातात घेऊन उभी असलेली माणसं. मामी एका टपरीवर मेणबत्त्यांचा वास घेत होत्या, मामा जवळच्या शेगडीवर हात शेकत होते. वैजयंती माझ्याजवळ आली.

“अहो, लाइटनरबाईंना आज कळवायचंय. सुट्टी लागायच्या आत सांग म्हणाल्यात. काय कळवू?”

वेळ आली होती. मी लांब कुठल्याशा चर्चच्या शिखराकडे बघितलं.

“मला विचारशील तर,” मी म्हणालो, “नको.”

तिनं माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

“नको?”

“नको.”

“बरं,” ती म्हणाली आणि मामींना मेणबत्ती निवडून द्यायला निघून गेली.

मी जागच्या जागी उभा. बरं? बरं म्हणजे काय? तिनं दोनदा विचारलं होतं हे खरं. पण दुसरा नकार हा पहिल्याचंच शेपूट असतो, तो धरायचा नसतो. खरं बोलणं तिसऱ्यापासून सुरू होतं, हे माझ्या दुकानातल्या हमालालाही माहीत आहे. बाजारातून परतताना मी मुद्दाम मागे मागे राहिलो, म्हणजे तिला एकटीनं येऊन बोलायला सोपं जावं. ती मामींच्या हाताला धरून पुढे चालली होती. मी दोन-तीनदा खोकलोसुद्धा.

भाड्याच्या फ्लॅटवर आल्यावर तिनं विचारलं, “अहो, चहा घेणार?”

“नको.”

तिनं तीन कप चहा केला. तीनच. कोल्हापुराहून नेलेली चहापूड, आलं ठेचून घातलेलं, सगळ्या घरात वास. तिघांनी माझ्यासमोर बसून तो प्यायला आणि मामी वर म्हणाल्या, “आज चहा जमलाय.”

मी कोट चढवला. “मी जरा बाहेर चाललोय.”

“बरं,” वैजयंती म्हणाली. “मफलर घ्या.”

तर असा मी थांब्यावर येऊन बसलो होतो. दिवस चारलाच मावळला आणि दिवे लागले. बोटं बधिर झाली, नाक जागेवर आहे की नाही हे हात लावून बघावं लागत होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक ओळखीची आकृती येताना दिसली. माकडटोपी, ओव्हरकोट आणि त्यावरून पांघरलेली घोंगडीएवढी शाल. मामा!

माझा जीव भांड्यात पडला. थेट मामाच निघाले होते म्हणजे घरात चांगलीच खळबळ उडालेली दिसत होती. मी चेहरा आणखी पाडला आणि मान फिरवली.

“तुम्ही हितं?” मामा म्हणाले.

“बसलोय.”

“बसा,” मामा म्हणाले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले.

मी वाट बघत राहिलो. वडीलधारी माणसं घाई करत नाहीत, हळूहळू विषयावर येतात. एक ट्राम आली. चालकानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, दोघांनीही तोंडं फिरवली, ट्राम गेली. मामा काही बोलेनात. शेवटी मलाच राहवेना.

“मी काही येणार नाही, मामा. तुम्ही उगीच थंडीत आलात.”

माकडटोपी माझ्याकडे वळली. “मी कुठं बोलावलंय तुम्हाला?”

“मग?”

“मी बी न्हाई जाणार.”

हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. “म्हणजे तुम्ही रुसून आलाय?”

“रुसून न्हाई,” मामा ताठ होऊन म्हणाले. “ताटावरनं उठून आलोय.”

“एवढ्यात जेवायला बसलात?”

“अंधार पडला म्हणून तुमच्या मामींनी लवकरच पिठलं टाकलं. भात केला. मी म्हटलं, मला जेवायचं न्हाई. तर काय म्हणाली असंल?”

“काय?”

“बरं.”

“मामी बरं म्हणाल्या?”

“बरं म्हणाली ओ! आख्ख्या संसारात माझ्याशिवाय घास न्हाई घेतला तिनं. आज ‘बरं’ म्हणाली आणि स्वतःला भात वाढून घेतला. दोन दिवसांत हितलं पाणी लागलं बघा तिला.” मामांनी शाल घट्ट ओढली. “फोडणी झकास बसली हुती. लसणाची.”

मी नकळत हवेत वास घेतला. मग माझ्या लक्षात आलं की मोठाच पेच पडला आहे. जावई रुसला तर सासऱ्यानं समजूत काढायची, हा रिवाज. वडील रुसले तर धाकट्यानं काढायची, हाही रिवाजच. इथं एकाच बाकावर दोघंही रुसलेले. आता घोडं अडलं ते कुणी हलवायचं?

मामांच्याही मनात तेच चाललं असावं. “पाव्हणं,” ते म्हणाले, “माझ्या आधी आलासा न्हवं तुम्ही?”

“बऱ्याच आधी.”

“मग पयलं तुम्ही उठायचं.”

“पण तुम्ही वडील.”

“म्हणून तर म्हणतोय.”

एवढ्यात एक म्हातारी बाई कुत्र्याला घेऊन आमच्यासमोर येऊन थांबली. सणाच्या संध्याकाळी थंडीत बसलेले आम्ही दोघं बेघर आहोत, असं तिला वाटलं असणार. तिचा चेहरा कळवळला. पिशवीतून तिनं बिस्किटांची पुडी काढली आणि मामांपुढे धरली. दालचिनीचा वास माझ्यापर्यंत आला.

“नो नो,” मामा म्हणाले. “फुल्ल.”

म्हातारीनं मान डोलावली, पुडी परत पिशवीत टाकली आणि कुत्र्याला घेऊन निघून गेली.

“मामा! नो कशाला म्हणालात?”

“तोंडात बसलंय ते. तुम्ही का गप बसला?”

“तुम्ही म्हणालात, मग मी मध्ये कसं बोलणार?”

मामांनी हताश होऊन त्या म्हातारीच्या पाठीकडे बघितलं. कुत्र्याला मात्र तिनं वाटेत एक बिस्कीट घातलं.

“पण मामा,” मी विचारलं, “तुम्ही ताटावरून उठलात कशासाठी?”

मामा एकदम गंभीर झाले.

“वैजूनं कळवलं त्या बाईला,” ते म्हणाले.

“काय कळवलं?”

“येणार न्हाई म्हणून. मोबाईलवर लिहून टाकलं. भात वाढता वाढता म्हणती, आबा, मी ‘नाही’ म्हणून कळवलं बरं का. मीठ कमी पडलंय म्हणावं तसं सांगितलं. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, ह्यांचं ‘नको’ आहे.” मामा माझ्याकडे न बघता बोलत होते. “तुम्ही जावई, तुमच्यावर चिडायची सोय न्हाई. तिच्यावर चिडावं तर तिचा काय गुन्हा? मग आपलंच ताट सरकवलं. दुसरं काय करणार माणूस?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. थंडी वाजायची थांबली. संग्रहालयातला तिचा तो चेहरा डोळ्यांसमोर आला.

“मामा, पण मी हो म्हणणार होतो.”

“कवा?”

“ती परत विचारणार होती, तेव्हा.”

“आणि न्हाईच विचारलं तर?”

याचा मी विचारच केला नव्हता. मामांनी टोपी वर सरकवली, माझ्याकडे नीट बघितलं. काहीतरी जोरात बोलतील असं वाटलं. पण ते गुडघ्यावर हात टेकवून उठले.

“उठा,” ते म्हणाले.

“मामा, आता काय उपयोग?”

“समजूत काढतोय असं समजा आणि उठा. मला भूक लागलीया.”

फ्लॅटवर मायलेकी जेवत होत्या. काहीतरी बोलून हसत होत्या. आम्ही आत आलो तेव्हा वैजयंतीनं एकदा वर बघितलं आणि म्हणाली, “आलात? हात धुऊन घ्या.” बस, एवढंच. मामांनी कुणाकडेही न बघता ताट घेतलं, ओट्याशी जाऊन स्वतःच्या हातानं भात घेतला, पिठलं घेतलं आणि येऊन बसले. मामींनी लोणच्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

मी कोटासकट उभाच होतो. खिडकी समोर होती, पण तिकडे जायचं सुचलं नाही.

“वैजू, तू जा.”

“कुठं?”

“इथं. म्हणजे, इथं ये. कामाला. दोन वर्षं.”

“मी ‘नाही’ म्हणून कळवलंय,” ती म्हणाली.

“मामांनी सांगितलं. पण माझं ‘नको’ तसं नव्हतं.”

“मग कसं होतं?”

“म्हणजे वरवरचं होतं.”

“ते मला कसं कळणार?”

“तुला कळतं. नेहमी कळतं.”

तिनं हातातला घास ताटात ठेवला. ती चिडली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“नेहमी कळतं,” ती म्हणाली. “तुम्ही चहा नको म्हणता, मी कप भरून ठेवते. लग्नाला येत नाही म्हणता, मी तुमचे कपडे इस्त्री करते. डॉक्टरकडे जाणार नाही म्हणता, मी नंबर लावून ठेवते. तुमच्या प्रत्येक नकोच्या आतलं हो मीच काढायचं. मला येतं ते, मी कधी तक्रार केली नाही. पण हे माझं होतं हो. मी माझ्यासाठी मागत होते. त्यातसुद्धा मीच तुमची मनधरणी करायची? मला फार कंटाळा आला. म्हटलं, एकदा तरी हे बोलतात तेच खरं धरून बघू.”

मामी वर बघत नव्हत्या. आपण किती हुशारीनं सगळं बेतलं होतं, हे आठवून मला शरम वाटली.

“मला फक्त ऐकायचं होतं,” मी म्हणालो, “की माझ्याशिवाय तुला करमणार नाही. तेवढंच. तुझ्या जाण्याला माझी ना कधीच नव्हती.”

“मग ते विचारायचं.”

“ते असं कसं विचारणार?”

“असंच. तोंडानं.”

सासू-सासऱ्यांसमोर हे विचारण्यापेक्षा घोड्यावर बसणं सोपं होतं. मामांनी लगबगीनं मोठा घास घेतला आणि भिंतीकडे बघत चावू लागले.

“माझ्याशिवाय करमेल का तुला?” मी विचारलं.

“नाही करमणार,” वैजयंती म्हणाली. “दिवसभर कामात निघून जाईल, पण संध्याकाळी रडू येईल. मला माहीत आहे. तरी मला जायचंय.”

“मग जा,” मी म्हणालो.

तिनं डाव्या हातानं फोन उचलला आणि लाइटनरबाईंचा नंबर लावला. इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलली आणि फोन माझ्यापुढे धरला.

“मी कशाला?”

“तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना. म्हणजे उद्या पुन्हा वरवरचं व्हायला नको.”

मी फोन घेतला. पलीकडे ताटांचा आवाज येत होता, कुणीतरी गात होतं.

“मिस्टर खराडे,” बाई म्हणाल्या, “वैजयंतीचा निरोप मी वाचला होता. फार वाईट वाटलं.”

“मग तुम्ही तिला परत का नाही विचारलंत?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“परत कशाला विचारायचं? ती नाही म्हणाली होती.” मग बाई म्हणाल्या, “आता ती हो म्हणते आहे. तुमचं काय म्हणणं?”

“येस,” मी म्हणालो.

आणि मी वाट बघत राहिलो. ‘नक्की ना?’ म्हणतील, ‘तुमचं कसं होणार?’ म्हणतील, निदान ‘तुम्ही मोठ्या मनाचे आहात’ एवढं तरी म्हणतील.

“गुड,” बाई म्हणाल्या. “मग मार्चमध्ये तिला पाठवा. मेरी ख्रिसमस.”

फोन बंद झाला. जन्मात पहिल्यांदा मी सरळ हो म्हणालो होतो आणि ते म्हणताक्षणीच संपलं होतं. कुणी विनवलं नाही, कुणाच्या डोळ्याला पदर लागला नाही. मी फोन टेबलावर ठेवला आणि कोटासकट खुर्चीत बसलो. कुणी विनवत असतं तोवर गोष्ट ठरलेली नसते, लांबणीवर पडत राहते, हे मला तेव्हा कळलं. आता ठरलं होतं. मार्चमध्ये वैजू जाणार होती. संध्याकाळी दुकान बंद करून मी घरी येणार आणि चहा घेणार का, असं विचारायला तिथं कुणी नसणार.

मामींनी माझ्यापुढे ताट ठेवलं. मी पिठल्यात बोट घातलं, पण ते तोंडापर्यंत जाईना.

“रडताय?” वैजूनं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

हे मात्र तिनं खरं धरलं नाही. खुर्ची ओढून ती माझ्याशेजारी येऊन बसली.